माग

बाबा घोरायचे तेव्हा आम्ही निवांत झोपायचो.
पाचपावलीच्या गल्लीत रात्रपाळीचे माग चालत,
त्यांत आणखी एक.
जाग यायची ती आवाज थांबला की.
आई अंधारात मोजायची, बोटांच्या पेरांवर,
अकरा, बारा, तेरा,
मग कोपरानं ढोसायची.
हवेचा एक खरखरीत घोट,
आणि माग पुन्हा सुरू.

दिवसा ते कुठेही झोपत.
बॉबिन भरताना. न्हाव्याच्या खुर्चीत.
मी बारावी पास झाले त्या दिवशी शाळेच्या बाकावर, पेढा हातात.
माग भंगारात गेल्यावर
हिंगणा रोडच्या गोदामात चौकीदार झाले,
सातव्या रात्री झोपलेले सापडले.
मालक म्हणाला, आळशी.
मामा म्हणाला, सावजी कमी करा भाऊजी, चरबी झोपेवर चढते.
आई काही बोलली नाही.
तेलाच्या बरणीत दुसऱ्या दिवशी लहान पळी होती.

मी आता आकड्यांचं काम करते.
धंतोलीत तिसरा मजला, मे महिना,
कूलर गरम हवाच फेकतो, तरी चालू ठेवायचा.
पडद्यावर लाखो माणसं, बिननावाची.
प्रत्येकाची जनुकं, रक्तातली चरबी,
आणि झोपेत श्वास थांबतो का: हो, नाही.
बहुतेक सगळी थंड देशांतली.
पाचपावलीचं त्यांत कोणी नाही.

आधी काय, एवढंच विचारायचं आहे.
चरबीनं श्वास अडतो,
की अडलेला श्वास रक्तात चरबी वाढवतो,
की दोघांना ओढणारं तिसरंच काही,
पोटाचा घेर म्हणा, आडोशाला उभं.

जन्माआधी चिठ्ठ्या उचलल्या जातात,
आईकडची एक, बापाकडची एक, डोळे मिटून.
तेव्हा मटण शिजलेलं नसतं,
माग विकलेला नसतो, कोणी कोणाला आळशी म्हटलेलं नसतं.
कोणाच्या वाट्याला चरबीची चिठ्ठी जास्त, कोणाच्या कमी.
जास्तवाल्यांचे श्वास जास्त थांबतात का,
ते बघायचं.
बाबांना हे कळलं लगेच.
"म्हणजे कापडाहून सुतापर्यंत उलटं जायचं," म्हणाले.
हो. मागाचा माग.

त्यांची झोप तपासली तेव्हा
डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावल्या.
"उभार भरल्यावानी दिसतो," म्हणाले, आणि झोपले.
तासाला एक्केचाळीस वेळा थांबले.
सकाळी रक्त काढलं. नळी फिरवली,
वर पांढुरका थर.
"काऊन व पोरी, माह्या रक्तातही तर्री निंगाली का?"
तंत्रज्ञ हसली. मी चष्मा पुसला.

निकाल आला बुधवारी.
कागदावर एक ठिपका, दोन्ही बाजूंना रेघ,
आणि ती रेघ मधल्या उभ्या रेषेला ओलांडून पलीकडे गेलेली.
म्हणजे परिणाम नाही, असं नाही.
आम्हाला दिसला नाही, असं.
हा फरक मी साहेबांना एका वाक्यात सांगितला.
घरी सांगायला रात्र गेली.

आई म्हणाली, "तेलाचं काय निंगालं?"
तेलाचं विचारलंच नव्हतं आम्ही.
आम्ही चिठ्ठ्यांचं विचारलं होतं.
"मंग माह्यानं झालं, का नाही?"
ह्या आकड्यांत तरी नाही दिसत, आई.
तिनं मान हलवली.
आकडे तिच्या बोटांवर राहिलेत तेवीस वर्षं,
तिला ठाऊक, ते किती सांगतात
आणि कोपर केव्हा लागतं.

बाबा आता नाकावर मास्क लावून झोपतात.
यंत्राची बारीक सळसळ, एकसारखी. थांबत नाही.
आई जागी असते. अंगठा पेरांवरून फिरतो,
तेरा, चौदा,
पंधरा, आणि पुढे कुठे जायचं ते कळत नाही तिला.

सकाळी तिनं लहान पळी घासली,
खिळ्याला टांगली.
फेकली नाही.